जोगवा, मुक्काम लिव्हरपूल

लिव्हरपूल, आश्विन वद्य पंचमी

तीर्थरूप आबा व तीर्थरूप सौ. आई यांचे चरणी चिरंजीवाचे कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपले पत्र पावले. तहसील कचेरीत अव्वल कारकुनी करण्यात ज्यांची हयात गेली त्यांचे पत्र जसे असावे तसेच ते होते: माथ्यावर विषय, खाली कलमे, प्रत्येक कलमापुढे खुलाशासाठी कोरी जागा, आणि शेवटी 'उलट टपाली अहवाल सादर व्हावा' असा हुकूम. कलमे दोनच. पहिले, आईने सूनबाईच्या गळ्यात घातलेली कवड्यांची माळ सुरक्षित आहे किंवा कसे. आणि दुसरे, परमुलखात परक्या माणसांशी वागताना, निघतेवेळी आपण दिलेल्या सूचनांचा अंमल यथास्थित चालू आहे किंवा कसे. आपण ही कलमे स्वतंत्र धरली आहेत. परंतु इकडे घडलेला सर्व प्रकार पाहता ती एकाच दोऱ्यात ओवली गेली असल्याने, दोहोंचा जबाब एकत्रच देणे भाग आहे. कोरी जागा अपुरी पडल्यामुळे कागद जादा जोडले आहेत.

माळ सुखरूप आहे. तुळजापूरच्या कवड्यांच्या माळेला सरकारने अलीकडे भौगोलिक मानांकन दिल्याचे वर्तमान आपण कात्रणासह कळविले होते आणि ते वाचून आम्हां सर्वांस संतोष वाटला; तथापि आपल्या घरातील माळेची प्रतिष्ठा त्या दाखल्याची वाट पाहत थांबली नव्हती. आजीच्या गळ्यातून आईच्या आणि आईच्या गळ्यातून सूनबाईच्या गळ्यात आलेली, दोरा अनेकदा बदललेली पण कवड्या त्याच राहिलेली, हळदकुंकवाने पिवळीतांबूस पडलेली ती माळ घरातून बाहेर पडताना आईच्या डोळ्यांना पाणी आले होते, आणि आपण मात्र त्याच घटकेस तिचा विमा उतरवता येईल काय याची चौकशी करीत होता.

तिची पहिली परीक्षा मुंबईच्या विमानतळावरच झाली. तेथे प्रत्येक प्रवाशाला एक प्रश्न विचारण्याचा परिपाठ आहे: ही पेटी आपण स्वतः भरली आहे काय, आणि दुसऱ्या कोणी नेण्यासाठी आपणांजवळ काही दिले आहे काय? पहिल्या भागाला होय आणि दुसऱ्याला नाही, एवढ्या दोन शब्दांत जगातील यच्चयावत प्रवासी मोकळे होतात. पण धाराशिवच्या माणसाची पेटी त्याने स्वतः भरली, असे आजवर कधी घडले आहे काय? आपली सूनबाई सत्यवचनी. तिने फेरिस्तच सांगण्यास आरंभ केला: काळा मसाला मावशींनी दिला, हुलग्याचे पीठ आत्याबाईंनी दिले, शेंगदाण्याची चटणी शेजारच्या काकूंनी दिली, आणि काकूंनी ती कोणाकडून कुटून आणली ते विचारायचे राहिले. समोरच्या तरुण कर्मचाऱ्याची लेखणी थबकली. पेट्या पुन्हा उघडण्यात आल्या, चटणीचा पंचनामा झाला, आणि अखेरीस एका तपासनीस बाईंची दृष्टी माळेवर गेली. "तुळजापूरची का?" एवढेच त्यांनी विचारले, दोन बोटे कवडीला लावून कपाळाला लावली, आणि पेट्या बंद करण्यास आपण होऊन हातभार लावला. त्या बाई कोण, कोणत्या गावच्या, हे आम्ही विचारले नाही. आपल्या सूचनांप्रमाणे विचारावयाचे नव्हतेच.

सूचना सर्वांस तोंडपाठ आहेत. अनोळखी माणसाच्या हातचे खाऊ नये. प्रवासात नाव-गाव सांगू नये. कोणी वाजवीपेक्षा गोड बोलू लागला की एक हात खिशावर ठेवावा. या सूचनांचे मूळ मी जाणतो. लहानपणी नळदुर्गाच्या वाटेवर एस.टी.त बसलो की आपण ठगांच्या गोष्टी सांगत असा: ते वाटसरूंना कसे गाठीत, रुमालाचा फास कसा आवळीत, आणि आपल्याच भवानीला आपली कुलस्वामिनी म्हणवून तिच्या नावाने गूळ कसा वाटून खात. तो गूळ ज्याने एकदा चाखला तो जन्माचा ठग झाला अशी त्यांची समजूत असल्याचे आपण सांगितले, त्यानंतर कित्येक वर्षे मी परक्याच्या घरी गूळ-पाणी घेतले नाही. आता योगायोग पाहा. त्या ठगांवर 1839 साली कबुलीजबाबाच्या थाटाची कादंबरी लिहून ज्याने विलायतेत नाव मिळविले, आणि 1853 साली निजामाने वऱ्हाड व रायचूर दुआबाबरोबर आपला टापूही कंपनी सरकारच्या हवाली केला तेव्हा नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार ज्याच्याकडे आला, तो फिलिप मेडोज टेलर जन्मला 1808 साली, याच लिव्हरपुलात. पुढे त्याने 'तारा' नावाची कादंबरी लिहून तुळजापूरही इंग्रज वाचकांच्या घरोघर नेऊन पोचविले. तेव्हा आपल्या गावचा अंमलदार ज्या गावाने धाडला त्या गावी आपला मुलगा नोकरीस आला आहे. हिशेब फिटला म्हणावयास हरकत नाही, मात्र माझा हुद्दा त्याच्या मानाने फारच खालचा आहे.

टेलरच्या पुस्तकातील एक गोष्ट आपण सांगत असताना माझ्या ध्यानी आली नव्हती, ती येथे आली. ठग वाटेत आडवा पडून लुटीत नसे, ते काम दरोडेखोराचे. ठग आधी रामराम करी, मग सोबत मागे, मग चार मुक्काम एका चुलीवर जेवी, मुलाबाळांची विचारपूस करी. आणि वाटसरूने त्याला आपला मानून निर्धास्त होऊन बसावे, तेव्हा रुमाल बाहेर येई. म्हणजे ज्याने गळा आवळला तो त्या क्षणी अनोळखी नसेच. हे कलम आपल्या सूचनांत कोठेच आढळत नाही.

असो. येथील लोकांच्या बोलण्याची तऱ्हा आपल्या सूचनांची कसोटी पाहणारी आहे. इंग्रज मनुष्य अबोल, परक्याशी हवामानापलीकडे बोलावयाचा नाही, असे आपण पुस्तकांतून वाचले असेल. पण तो इंग्रज दक्षिणेकडचा असावा. लिव्हरपुलात बसच्या थांब्यावर उभ्या असलेल्या आजीबाई आपल्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचा समग्र वृत्तांत अपरिचितास ऐकवितात, आणि दुकानदारापासून बसच्या चालकापर्यंत जो तो बाईमाणसास 'लव्ह' म्हणून संबोधतो. पहिल्या दिवशी चालकाने तसे म्हणताच सूनबाईने एक हात खिशावर आणि दुसरा माळेवर ठेवला, आणि मला खालच्या आवाजात विचारले, याची तक्रार कोणत्या कचेरीत करावयाची. आता ती उतरताना त्याच चालकाला घरच्या माणसासारखा निरोप देऊन उतरते. आपल्याकडे परक्याला आत घेण्यापूर्वी त्याची उलटतपासणी होते: कोणत्या गावचे, कोणाचे कोण, त्या गावचे पाटील म्हणजे आमच्या मामांचे साडूच की! आणि पाण्याचा तांब्या रिकामा होईतो परका मनुष्य सोयरा ठरतो. येथे तपासणी मुळीच नाही, एकदम सोयरीकच. कोणती रीत अधिक धोक्याची, याचा निर्णय मी आपल्यावर सोपवितो.

आता मुख्य प्रकरण. माळ देताना आईने एक अट घातली होती: माळ गळ्यात असेल तर नवरात्रातल्या मंगळवारी पाच घरी जोगवा मागितलाच पाहिजे. आणि आपली अट अशी की परदेशात अनोळखी उंबरठा चढू नये. आमच्या गल्लीत ओळखीचा असा एकही उंबरठा नव्हता. एका हुकमाची तामिली केली तर दुसऱ्याचा भंग होतो, असा हा पेच मी सूनबाईपुढे सविस्तर मांडला. तिने पेच ऐकून घेतला, परडीत चार मुठी ज्वारी घातली, कपाळी मळवट भरला, माळ सारखी केली, आणि आपल्या घरात वरिष्ठ न्यायालय कोणते हे मला ठाऊक असावयास हवे होते, एवढेच बोलून बाहेर पडली. नातीला बरोबर घेतले. मी दहा पावले मागून चाललो. संरक्षणासाठी म्हणून, पण कोणाच्या, ते त्या वेळी ठरले नव्हते.

पहिल्या घराच्या घंटेला डोळा होता. घंटा दाबताच भिंतीतून पुरुषाचा आवाज आला. मालक कचेरीत, आवाज मात्र दारात. परडी पाहून त्यांचा समज असा झाला की कोणी पार्सल घेऊन आले आहे, आणि ते कचऱ्याच्या पेटीमागे ठेवून जाण्याची त्यांनी विनंती केली. सूनबाईने भिंतीला आदरपूर्वक सांगितले की पार्सल आणलेले नाही, उलट न्यावयास आले आहे. आवाज बंद पडला.

दुसऱ्या घरी एक वृद्ध गृहस्थ निघाले. गरिबांसाठी घरोघर शिधा गोळा करणाऱ्या मंडळींपैकी आम्ही असू असे त्यांनी धरले आणि तत्परतेने उकडलेल्या घेवड्याचा डबा परडीत ठेवला. जोगवा वाढणाऱ्याच्या हाती परडीतले चार दाणे परत देण्याची आपल्या घरची रीत. त्याप्रमाणे सूनबाईने ज्वारी त्यांच्या तळहातावर ठेवली. गृहस्थांनी चष्मा वर करून ती न्याहाळली आणि हे पेरतात कधी, असे विचारले. आता, असे तिने सांगितले; कारण आपल्याकडे त्याच सुमारास रब्बीच्या ज्वारीची पेरणी चालते. आबा, त्यांनी ती खरोखरच कुंडीत पेरली आहे. मराठवाड्यात यंदा पेरण्या कशा झाल्या ते आपण कळवालच. लिव्हरपुलात वेळेवर झाली, मात्र उगवणीची खात्री मी देऊ शकत नाही.

तिसऱ्या घरच्या बाई आपल्या वळणाच्या निघाल्या. त्यांनी परवाना मागितला. दारोदार वर्गणी मागावयाची तर नगरपालिकेचा परवाना आणि सोबत ओळखपत्र हवे, असा येथील कायदा आहे आणि बाईंना तो कलमवार अवगत होता. सूनबाईने गळ्यातील माळ दाखविली. हे ओळखपत्र कोणी दिले, असा प्रश्न आला. सासूबाईंनी, असे उत्तर गेले. यावर बाईंनी बराच वेळ विचार केला, आणि मग, सासूबाईंनी दिलेले असेल तर त्यात शंका घेण्यासारखे काही नसावे, असा निकाल देऊन वाटीभर साखर आणून ओतली. त्याही कोणाच्या तरी सूनबाई असणारच.

चौथ्या घरी लहान मुलांचा कल्ला उसळला. येथे ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी मुले भुताखेतांची सोंगे घेऊन दारोदार खाऊ मागत फिरतात. आम्ही त्या सणाच्या महिनाभर आधी आलो असलो तरी मळवट, परडी आणि कवड्या पाहून सोंग उत्तम वठले आहे असा अभिप्राय सर्वानुमते पडला, आणि चॉकलेटांची ओंजळ मिळाली. आपली नात अजून रुसून आहे. आमचे सोंग नव्हते, हे त्यांना इंग्रजीत कसे सांगावयाचे, असे तिचे म्हणणे आहे.

पाचव्या घराचे दार नायजेरियाच्या एका बाईंनी उघडले. इस्पितळात परिचारिका आहेत. रात्रपाळी संपवून आलेल्या, डोळ्यांवर झोप. त्यांनी ना पार्सल समजले, ना वर्गणी. त्यांची दृष्टी थेट माळेवर गेली, झोप उडाली आणि त्या उंबरठ्याबाहेर आल्या. माळेला त्यांनी हात लावला नाही. कोणाची आहे, एवढेच विचारले. मग आत जाऊन दोन्ही हातांच्या ओंजळीने तांदूळ आणले आणि किंचित वाकून परडीत घातले. जोगवा कसा वाढतात हे त्यांस कोणी शिकविले असेल, हा विचार मी अद्याप करीत आहे.

पुढे त्यांच्या घरी चहा झाला. (अनोळखी हातचा; परंतु तांदूळ स्वीकारल्यानंतर चहा नाकारणे कोणत्या कलमात बसते?) त्या योरुबा समाजातल्या. त्यांच्याकडे सोळा कवड्या टाकून देवाला कौल लावतात. आजीच्या घरी कवड्यांचे गाठोडे होते आणि मुलांना त्यास शिवण्याची बंदी होती. तुळजापूर समुद्रापासून इतके दूर, मग तुमच्या देवीला कवडी कशी मिळाली, असे त्यांनी विचारले आणि मला उत्तर सुचले नाही. कवडी हिंदी महासागराची. मालदीव बेटांवरून जहाजे भरभरून ती एके काळी बंगालात जाई आणि तेथे नाण्यासारखी चाले. आणि युरोपाचे व्यापारी तीच पोत्यांनी विकत घेऊन पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर नेत आणि तिच्या मोबदल्यात माणसे घेत. अठराव्या शतकात ब्रिटनमध्ये त्या व्यापाराचे सर्वांत मोठे बंदर हेच लिव्हरपूल होते. पार्लमेंटने 1807 साली तो बंद केला, टेलर जन्मण्याच्या आदल्याच वर्षी. ज्या गोद्यांच्या काठी आम्ही रविवारी नातीला फिरावयास नेतो, त्या गावाची श्रीमंती काही अंशी आईच्या माळेतल्यासारख्या कवड्यांनी मोजली गेली होती. बाईंनी हे सारे रागावाचून सांगितले. त्यांची आजी म्हणत असे, की गलबतातून उतरलेल्या परक्याला पाहून गाव पळून जाई. किनाऱ्यापर्यंत हाताला धरून नेणारे बहुधा भाषा जाणणारे, वाट ओळखणारे असत. मला चार मुक्काम एका चुलीवर जेवणारा तो सोबती आठवला.

त्याच रात्री आमच्या दारावर थाप पडली. दाराची साखळी न काढता, फटीतून, मी आपल्या पद्धतीने चौकशी सुरू केली: कोण, कोठले, काय काम? बाहेरचा मनुष्य गोंधळला आणि म्हणाला की मी पहिल्या घरातली भिंत. घंटेच्या डोळ्याने टिपलेले सारे त्यांनी घरी येऊन पुन्हा पाहिले होते, परडीत धान्य आहे हे तेव्हा त्यांच्या ध्यानी आले, आणि ते ओटचे पाकीट घेऊन क्षमा मागावयास आले होते. साखळी काढीपर्यंत त्यांना पावसात उभे राहावे लागले. पाच घरे अशा रीतीने पूर्ण झाली, आईला सांगावे.

आता आपल्या दुसऱ्या कलमाचा प्रत्यक्ष जबाब. आपण कुंथलगिरीचा खवा पाठविला होता. तो आपण परक्याच्या हाती दिला नाही. आपल्या पूर्ण परिचयाच्या, तीन पिढ्यांचा घरोबा असलेल्या गृहस्थांच्या चिरंजिवांच्या हाती, पोच घेण्याच्या अटीवर दिला. चिरंजीव आले. डबा आला. डब्याला कुंथलगिरीचा सुवासही आला. आत मात्र काही नव्हते. त्यांचे निवेदन असे की भारतातले दुग्धजन्य पदार्थ सामानात आणण्यास ब्रिटनमध्ये मनाई आहे ही गोष्ट त्यांना विमानात समजली, आणि आपल्यासारख्या सज्जनांच्या घरचा जिन्नस सरकारजमा होऊन नाहक बेअब्रू होऊ नये म्हणून, उतरण्यापूर्वी तो त्यांनी एकट्याने संपविला. नियम खरा आहे, मी पाहून घेतला. निवेदनात कायद्याच्या दृष्टीने खोड काढता येत नाही. त्यानंतर ते आमच्याकडे चार दिवस राहिले, माझी छत्री घेऊन गेले, आणि नातीने चौथ्या घरच्या चॉकलेटांतून मोठ्या कष्टाने शिल्लक ठेवलेली दोन चॉकलेटेही त्यांच्याबरोबर गेली. परक्यांकडून या घरास आजतागायत पोचलेले नुकसान: निरंक. ओळखीच्यांकडून पोचलेल्या नुकसानीची यादी सोबत जोडली आहे.

कोजागिरीला सोलापूरकडून तुळजापुरास पायी जाणाऱ्यांसाठी आईने यंदाही भाकरी, पिठले आणि पाण्याचे रांजण मांडले असतील, आणि आपण ओट्यावर बसून त्यांतल्या एकालाही नाव-गाव विचारले नसेल. ही सवलत परदेशस्थ चिरंजिवालाही लागू करण्यात यावी, असा माझा अर्ज आहे. निर्णय प्रलंबित ठेवू नये.

कळावे, लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
चिरंजीव

ता. क. नायजेरियाच्या बाईंसाठी आईने तुळजापूरहून एक माळ आणून देवीच्या पायांना लावून पाठवावी, असा सूनबाईचा निरोप आहे. माळ नोंदणी करून टपालानेच धाडावी. इकडे येणाऱ्या कोणाही ओळखीच्या माणसाच्या हाती ती देऊ नये.